बेडवरून वेदी दिसली पाहिजे : युरोपातली जुनी हॉस्पिटलं

निवृत्त_सिस्टर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक मिलानला शिकते. मे महिन्यात तिच्याकडे तीन आठवडे राहून आले. तिची युनिव्हर्सिटी बघायला गेले तर लाल विटांची लांबच लांब इमारत, खिडक्यांभोवती नक्षी, आत भलामोठा चौक आणि चौफेर कमानींची ओसरी. मी म्हटलं कुठल्या राजाचा वाडा गं हा, तर म्हणते आई हे तुझ्याच लाइनीतलं आहे, हॉस्पिटल होतं हे पाचशे वर्षं. झालं! एकतीस वर्षं सरकारी वॉर्डात काढलेली बाई मी, चौक वगैरे राहिला बाजूला, मी भिंती बघत सुटले, बेड कुठे असतील, पाणी कुठून येत असेल, संडास कुठे.

तर हे ओस्पेदाले माज्जोरे, तिथले लोक लाडाने का ग्रांदा म्हणतात, म्हणजे मोठं घर. १४५६ साली मिलानचा ड्यूक फ्रान्चेस्को स्फोर्झा याने सुरू केलं. गावात छोटी छोटी बरीच धर्मादाय हॉस्पिटलं होती ती सगळी एकात आणायची असा बेत. आर्किटेक्ट फिलारेते नावाचा फ्लॉरेन्सचा माणूस. त्याने प्लॅन काढला तो असा की एक लांबट चौकोन, मधे मोठा चौक, चौकाच्या एका बाजूला अधिकच्या चिन्हासारखे वॉर्ड आणि दुसऱ्या बाजूला तसंच आणखी एक अधिकचं चिन्ह, एक पुरुषांचं एक बायकांचं. प्रत्येक अधिकच्या चार कोपऱ्यांत चार छोटे चौक. कागदावर बघितलं तर रांगोळीच.

आता मला वाटलं वा, किती हुशार माणूस, मधोमध सिस्टरचं टेबल ठेवलं की चारही वॉर्डांवर एकटीची नजर! नाइट ड्यूटीला एकटीने दोन वॉर्ड सांभाळलेत मी, मला तर डोळ्यात पाणीच आलं. पण मधोमध सिस्टर नव्हतीच हो. मधोमध वेदी होती. पेशंटला आडव्या अंगाने, मान न उचलता मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, दिसला पाहिजे म्हणून तो आकार. म्हणजे नजर सिस्टरची पेशंटवर नाही, पेशंटची देवावर.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. इथे आर्किटेक्ट, इंजिनियर, इतिहासवाले सगळेच आहेत, सांगा ना, हे असंच सगळीकडे होतं का? आणि हॉस्पिटल पेशंटसाठी बांधायचं हे कधी सुरू झालं?

अर्धा_चहा

सिस्टर भारी धागा!! संडासाचं काय ते अर्धवट सोडलंत, तेवढं पूर्ण करा आधी.

निवृत्त_सिस्टर

अहो तेच तर मुख्य. लिहिताना राहिलं. बेडच्या मागच्या भिंतीत दारं, दारामागे अरुंद बोळ, बोळात संडास आणि त्याच्या खालून कालव्याचं वाहतं पाणी. मिलानमधे तेव्हा नाविल्यो म्हणून कालवा इमारतीच्या अंगालगत वाहायचा, त्याचंच पाणी वळवलेलं. शिवाय छपरावरचं पावसाचं पाणी खाली सोडून नळ धुऊन काढायची सोय आणि वास वर जायला भिंतीतून धुराडी. १४५६! आमच्या वॉर्डात बेचाळीस बेड आणि संडास पार त्या टोकाला, ऑपरेशन झालेली बाई धरून धरून न्यायची म्हणजे जाऊन येऊन पाव तास, नाहीतर बेडपॅन घेऊन आम्ही पळायचं. म्हणून म्हटलं या फिलारेतेला कोणीतरी आजारी आई असणार घरी.

कॉंक्रीट_काका

सिस्टर, सिव्हिलवाला आहे म्हणून दोन शब्द. नुसती सोय नाही, हे ड्रेनेजचं पक्कं डिझाइन आहे. पाणी एका बाजूने आत घेऊन दुसऱ्या बाजूने बाहेर, म्हणजे सतत फ्लश, साठवणूक नाहीच, आणि वरची धुराडी म्हणजे आपण आजही व्हेंट पाइप टाकतो तेच, तो नसला की सायफन बसून सगळा वास खोलीत. फिलारेतेला ड्यूकने आधी फ्लॉरेन्स आणि सिएनाची हॉस्पिटलं बघायला पाठवलेलं, म्हणजे साइट व्हिजिट करून आलेला गडी. पण काम त्याच्या हातून पुरं झालं नाही, १४६५ मधे तो बाहेर पडला, नंतर सोलारी नावाचा दुसरा आर्किटेक्ट आला, आणि मधला मोठा चौक तर थेट १६२४ नंतरचा, कार्कानो म्हणून एका व्यापाऱ्याने मृत्युपत्रात पैसा ठेवला तेव्हा रिकिनी नावाच्या आर्किटेक्टने बांधला. दुसरं अधिकचं चिन्ह त्याच्याही नंतरचं. थोडक्यात आपल्याकडच्या पुलांसारखंच, भूमिपूजन एकाचं आणि फीत दुसऱ्याच्या नातवाने कापायची.

नाना_खडूस

सगळे भारावलेत म्हणून मी आपला नेहमीप्रमाणे मिठाचा खडा टाकतो. ड्यूकला पुण्य हवं होतं आणि नाव हवं होतं. स्फोर्झा हा भाडोत्री सेनापतीचा पोर, सासऱ्याची गादी बळकावून बसलेला, त्याला लोकांना दाखवायला काहीतरी भव्य हवंच होतं. आणि देणगीदारांचं म्हणाल तर या हॉस्पिटलात देणगीदारांची तैलचित्रं लावायची पद्धत होती, शेकड्यांनी आहेत, आणि जास्त रक्कम दिली तर पूर्ण उंचीचं उभं चित्र, कमी दिली तर कमरेपर्यंत. आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' लिहितात ना, त्यातलाच प्रकार. पंखा फिरला की नाव दिसत नाही एवढाच फरक.

अर्धा_चहा

नाना, कमरेपर्यंत 😂😂 म्हणजे अर्ध्या देणगीत पाय मिळत नाहीत.

मीनाक्षी_क

वेदीचं म्हणाल सिस्टर तर हो, सगळीकडे होतं. मी फ्रान्समधे बोनला गेले होते, वाइनसाठी प्रसिद्ध गाव आहे ते. तिथलं ओतेल द्यू, म्हणजे हॉस्पिटलच, १४४३ चं, निकोला रोलां नावाचा बर्गंडीच्या ड्यूकचा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी, आणि त्याची बायको गिगोन यांनी बांधलं. बाहेरून छपरावर रंगीत चकचकीत कौलं, आणि आत गरिबांचा हॉल, साधारण पन्नास मीटर लांब, वर लाकडी छत उलट्या होडीसारखं. दोन्ही भिंतींना पलंग ओळीने, प्रत्येकाला लाल पडदा, आणि हॉलच्या टोकाला सरळ चॅपलच, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, मधे भिंत नाही, जाळी फक्त. त्या चॅपलमधे रॉजिए व्हान डेर वेडनने काढलेलं शेवटच्या न्यायाचं चित्र असायचं. एरवी त्याची दारं बंद, सणावाराला उघडायचे. विचार करा, ताप भरलाय, पडदा बाजूला केला तर समोर देवदूत तराजूत माणसं तोलतोय आणि एका बाजूला पापी लोक आगीत पडतायत. मला तर बघूनच घाम फुटला, ते बिचारे आजारी.

आणि गंमत म्हणजे हे हॉस्पिटल १९७१ पर्यंत चालू होतं!

निवृत्त_सिस्टर

मीनाक्षी, बाई गं! आमच्या वॉर्डात गणपतीचं कॅलेंडर होतं तेवढंच.

डॉ_ओपीडी

वाचतोय. एक मुद्दा लक्षात घ्या, त्या काळी बरा खातापिता माणूस हॉस्पिटलात जायचाच नाही, डॉक्टर घरी यायचा. हॉस्पिटल म्हणजे गरीब, वाटसरू, यात्रेकरू, म्हातारे, अनाथ. शब्दच बघा, लॅटिनमधला पाहुणा किंवा यजमान या अर्थाचा शब्द आहे, त्यातूनच हॉस्पिटल आणि त्यातूनच हॉटेल. फ्रेंचमधे ओतेल द्यू म्हणजे देवाचं घर. पोटाला घालायचं, निजायला द्यायचं, आणि आत्म्याची काळजी घ्यायची, औषधपाणी त्यानंतर. त्यामुळे वेदी मधे असणं हे त्यांच्या दृष्टीने मुख्य उपचार मधे असणंच होतं. आपण उगाच त्यांना मागास समजू नये. रोमचं सान्तो स्पिरितो बघा, पोप सिक्स्टस चौथा याने १४७० च्या दशकात नवं बांधलं, एकशे वीस मीटरच्या आसपास लांब वॉर्ड आणि बरोबर मधे अष्टकोनी मनोरा, त्याखाली वेदी.

तरी सगळंच तसं नव्हतं. फ्लॉरेन्सचं सान्ता मारिया नुओवा, १२८८ चं, स्थापना फोल्को पोर्तिनारीची, दान्ते या कवीने जिच्यावर कविता केल्या त्या बिआत्रिचेचे वडील, तिथे डॉक्टरी उपचार बऱ्यापैकी जोरात होते. मार्टिन लूथर, ज्याने पुढे पोपशी उभा दावा मांडला, तोसुद्धा इटलीतल्या हॉस्पिटलांची तारीफ करायचा, स्वच्छ बिछाने, चांगलं जेवण, हुशार डॉक्टर म्हणून.

सोनचाफा_फोंडा

हा धागा बघून राहवलं नाही, कारण हा अधिकच्या चिन्हाचा प्रकार लिस्बनलाही होता आणि लिस्बनवरून आमच्याकडे गोव्याला हॉस्पिटल आलं, प्लॅन नाही आला बहुतेक पण थाट आला.

लिस्बनला राजा दुसरा जुआंव याने १४९२ मधे ओस्पिताल रेयाल द तोदुश उश सांतुश सुरू केलं, सगळ्या संतांचं राजेशाही हॉस्पिटल. मिलानसारखंच छोटी हॉस्पिटलं गोळा करून एक मोठं. रोसियु म्हणून मुख्य चौक आहे तिथे त्याचं तोंड, भरपूर पायऱ्या आणि वर चर्चचा दरवाजा, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला आधी चर्चच दिसायचं. १७५५ च्या भूकंपात गेलं.

आणि गोव्यात आल्बुकेर्कने १५१० मधे शहर घेतल्यावर पोर्तुगीज शिपायांसाठी हॉस्पिटल झालं, मांडवीच्या काठाला, पुढे जेझुइट पाद्र्यांकडे कारभार. पिरार द लाव्हाल नावाचा एक फ्रेंच खलाशी, मालदीवजवळ जहाज फुटलेला, फिरत फिरत कैदी होऊन १६०८ ला गोव्यात आला आणि आजारी म्हणून थेट या हॉस्पिटलात. त्याने लिहून ठेवलंय की बाहेरून बघून आम्हाला वाटेचना की हे हॉस्पिटल आहे, राजवाडाच वाटला, दारावर राजाचं हॉस्पिटल असं लिहिलेलं म्हणून कळलं. आत लाखेचा लाल रंग दिलेले पलंग, रेशमी नाहीतर सुती गाद्या. जगात याहून चांगलं हॉस्पिटल नसेल असा त्याचा सूर. पण हे फक्त पोर्तुगीज आणि युरोपियन शिपायांसाठी बरं का, इथल्या गोरगरिबांसाठी वेगळी सोय. आणि तिसेक-चाळीस वर्षांनी तावेर्निए म्हणून दुसरा फ्रेंच आला, जवाहिऱ्या, तो म्हणतो पूर्वी नाव होतं, आता व्यवस्था बिघडली, आत गेलेले बरेचसे युरोपियन थडग्यात जायलाच बाहेर पडतात.

ओल्ड गोव्यात लोक चर्चेस बघतात आणि परत जातात. मी शाळेच्या ट्रिपला चारदा गेलोय, एकाही गाइडने त्या हॉस्पिटलचं नाव काढलं नाही.

नाना_खडूस

म्हणजे इमारत तीच, पलंग तेच, माणसं बदलली की स्मशान. आर्किटेक्टच्या धाग्यावर हे कोणीतरी बोललंच पाहिजे होतं, धन्यवाद सोनचाफा.

आजीची_गोधडी

मी फ्लॉरेन्सच्या इनोचेंतीबद्दल लिहिते. आजाऱ्यांचं नाही, टाकलेल्या बाळांचं हॉस्पिटल. ब्रुनेलेस्की या आर्किटेक्टने १४१९ ला काम सुरू केलं, खर्च रेशीमवाल्यांच्या संघाचा. रस्त्याकडे नऊ कमानींची ओसरी आहे, खांब इतके बारीक आणि अंतरं इतकी सारखी की बघतच राहावं. कमानींच्या वर निळ्या गोलात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, भाजलेल्या मातीचं, ते आंद्रेआ देल्ला रोब्बियाचं, नंतर बसवलेलं.

पहिलं बाळ आलं ते ५ फेब्रुवारी १४४५ ला. मुलगी. सेंट आगाथाचा दिवस म्हणून आगाता नाव ठेवलं. तिथल्या म्युझियममधे खूप नंतरच्या काळातल्या छोट्या वस्तू ठेवल्यात, अर्धं तोडलेलं नाणं, अर्धं पदक, मणी. आईने बाळाबरोबर अर्धं ठेवायचं आणि अर्धं स्वतःकडे, परिस्थिती सुधारली तर येऊन जोडून दाखवायचं. प्रत्येकाला एक छोटा खण, खणावर नाव. मी तिथून लवकर बाहेर आले.

निवृत्त_सिस्टर

गोधडीताई, काय लिहिलंत हो. मॅटर्निटीला होते तेव्हाची एक पहाट आठवली. ते इथे नाही लिहीत.

कॉंक्रीट_काका

विषय जरा पुढे नेतो. सिस्टरांचा दुसरा प्रश्न राहिलाय, पेशंटसाठी बांधायला कधी लागले. माझ्या मते त्याला आग लागावी लागली, शब्दशः.

पॅरिसचं ओतेल द्यू, नोत्र दाम चर्चच्या शेजारीच, सेन नदीच्या काठाला. जागा संपली म्हणून नदीवर पूल बांधून पुलावर वॉर्ड चढवले, सतराव्या शतकात, आणि पुलावरून जाणाऱ्यांकडून टोल! दुब्ल नावाचं नाणं घ्यायचे म्हणून पुलाचं नावच पों ओ दुब्ल. सगळी घाण खाली नदीत. १७७२ च्या डिसेंबरात मोठी आग लागली, त्यानंतर पंधरा वर्षं वाद, इथेच परत बांधायचं की गावाबाहेर न्यायचं. शेवटी सायन्स अकॅडमीची कमिटी बसली, आणि कमिटीत कोण तर लाव्वाझिए, लाप्लास, कुलॉम्ब! आपण बारावीला ज्यांच्या नावाने रडलो ते सगळे हॉस्पिटलचा प्लॅन तपासायला. खरं काम केलं ते तनों नावाच्या सर्जनने. हा माणूस टेप घेऊन फिरला म्हणायला हरकत नाही, जिना किती रुंद, बेड किती रुंद, माणशी हवा किती. त्याचा रिपोर्ट १७८८ चा. मोठा बेड ५२ फ्रेंच इंच, म्हणजे आपले साडेचार फूट धरा, आणि त्यात चार ते सहा पेशंट.

निवृत्त_सिस्टर

थांबा थांबा. साडेचार फुटात सहा??

कॉंक्रीट_काका

हो. माणशी नऊ इंच. उताणं झोपताच येत नाही, कुशीवरच, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. कूस बदलायची तर सगळ्यांनी एकदम. तनोंच्या हिशोबाने दर साडेचार पेशंटमागे एक मरत होता.

डॉ_ओपीडी

आणि शेजारी मेलेला सकाळपर्यंत तसाच. यात गंमत अशी की, गंमत म्हणवत नाही पण, तनों आणि कंपनीची थियरी चुकीची होती. त्यांना वाटायचं वाईट हवेने रोग होतो, माणसांच्या श्वासाने हवा कुजते. म्हणून हवा खेळती ठेवा, वॉर्ड सुटे करा, एका बेडवर एक पेशंट ठेवा. जंतू कोणालाच माहीत नव्हते. पण टायफस, म्हणजे तिथे पसरणारा एक जीवघेणा ताप, पसरतो उवांमुळे, आणि एका गोधडीत सहा माणसं म्हणजे उवांची एसटी. त्यामुळे कारण चुकलं तरी औषध लागू पडलं.

हवेच्या नादात भन्नाट प्लॅन निघाले. पती नावाच्या डॉक्टरने १७७४ ला चाकाच्या आऱ्यांसारखे वॉर्ड आणि मधे उंच शंकू सुचवला, सगळी खराब हवा वर खेचायला. १७८५ ला प्वाये या आर्किटेक्टने तसंच गोल, पाच हजार बेडचं. लक्षात आलं का, मधे जिथे वेदी होती तिथे आता धुराडं आलं. फ्रान्समधल्या लिओं शहराच्या हॉस्पिटलवर सूफ्लो या आर्किटेक्टने घुमट बांधला होता त्याच्याबद्दलही हेच म्हणत, हवा ओढायला आहे म्हणून.

कॉंक्रीट_काका

डॉक्टर, वेदीच्या जागी धुराडं, मानलं तुम्हाला. पण तो गोल प्लॅन अकॅडमीने नापास केला आणि बरोबर केला, आरे मधे येऊन मिळतात तिथे सगळ्या वॉर्डांची हवा एकत्र होणार, एकाचा ताप दुसऱ्याला. १७८७ ला तनों आणि कुलॉम्ब दोघं इंग्लंडला गेले, तिथे प्लिमथजवळ स्टोनहाउसचं नौदलाचं हॉस्पिटल बघून खूश झाले. दहा सुटे ब्लॉक एका चौकाभोवती, प्रत्येकात सहा वॉर्ड, वॉर्डात वीस पेशंट, एकूण बाराशे. ब्लॉक्सना जोडायला फक्त खांबांची ओसरी. मधे काहीच नाही, मोकळं मैदान. परत येऊन तसलीच चार हॉस्पिटलं बांधा म्हणून शिफारस केली.

अर्धा_चहा

मग बांधली?

कॉंक्रीट_काका

१७८९ ला क्रांती झाली ना भाऊ. कमिटीतला बायी १७९३ ला गिलोटिनखाली, लाव्वाझिए १७९४ ला. तनों तेवढा म्हातारा होऊन मेला. सुट्या ब्लॉकचं मोठं हॉस्पिटल पॅरिसला उभं राहिलं ते १८५४ ला, लारिबुआझिएर. आपल्याकडच्या जुन्या सिव्हिल हॉस्पिटलांचे सुटे सुटे वॉर्ड, दोन्हीकडे व्हरांडा, समोरासमोर उंच खिडक्या, ते याच वळणाचं.

निवृत्त_सिस्टर

अय्या. म्हणजे मी एकतीस वर्षं त्या प्लिमथच्या ब्लॉकमधेच ड्यूटी केली की. दोन वॉर्डांच्या मधल्या पॅसेजवर पत्रा होता, पावसात ट्रॉली नेताना पेशंटवर छत्री धरायला लागायची, आम्ही बांधणाऱ्याला शिव्या घालायचो. ते अंतर मुद्दाम ठेवलेलं होतं हे कोणी सांगितलंच नाही.

मीनाक्षी_क

सिस्टर, मिलानच्या त्या अधिकच्या वॉर्डात आता काय आहे?

निवृत्त_सिस्टर

लायब्ररी. १९४३ ला बॉम्ब पडून बरंच पडलं होतं, दुरुस्त करून १९५८ पासून युनिव्हर्सिटी. कायद्याची न् भाषांची पुस्तकं तिथे. लेक तिथेच बसते अभ्यासाला. काल रात्री तिला फोनवर म्हटलं भिंतीत कुठे छोटं दार दिसतंय का बघ, बुजवलेलं असलं तरी कमानीची खूण राहते. तर म्हणे आई परीक्षा आहे पुढच्या आठवड्यात, पाचशे वर्षांपूर्वीचा संडास परीक्षेनंतर शोधते.